दुसऱ्या राउटरची केबल कुठे लावायची?

बेडरूममध्ये जुना राउटर दुसरा म्हणून लावायचा असेल तर एका उत्तरात सुचवलंय की हॉलमधल्या फायबरच्या डब्यातून (मुख्य राउटरमधून) आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टला (इंटरनेट आत घ्यायच्या पोर्टला) लावा. नेट चालेल, पण घरात दोन वेगळी नेटवर्क होतील आणि बेडरूममधला प्रिंटर हॉलमधल्या लॅपटॉपला दिसणार नाही. फक्त वायफाय वाढवायचं असेल तर लॅन टू लॅन जोडा, म्हणजे केबलची दोन्ही टोकं दोन्ही डब्यांच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायच्या पोर्टमध्ये) लावा.

आधी जुना राउटर एकटाच लॅपटॉपला जोडा. त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदला: मुख्य डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या (हा पत्ता मुख्य डब्याच्या डीएचसीपी रेंजबाहेर हवा; डीएचसीपी म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय). मग जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद, सेव्ह, आणि त्यानंतरच केबल. डीएचसीपी चालू राहिलं तर काही फोनना चुकीचा गेटवे (इंटरनेटकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) मिळतो आणि 'कधी चालतं, कधी नाही' सुरू होतं. वॅन पोर्ट, बहुधा निळा किंवा पिवळा, रिकामाच ठेवायचा. दोन्ही राउटरच्या मध्ये दोन केबल टाकू नका, लूप होऊन (डेटा गोल फिरत राहून) सगळंच गुदमरतं.

स्पीड ९४-९५ एमबीपीएसवर अडकत असेल आणि दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) असतील तर संशय केबलवर. १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ या चारच पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चार पिनांवरची निळी किंवा तपकिरी तारांची जोडी नीट बसली नसेल तरी पोर्टचा दिवा लागतो, म्हणून फसायला होतं. नवीन प्लग मारताना क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारांच्या जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका, आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलंच पाहिजे.