मंडळ काढाल, पण अधिकारांचं काय?

वर कुणीतरी म्हटलंय, की स्त्री-पुरुष समानतेसाठी सरकारने वेगळं मंडळ काढलं की निम्मं काम झालं. इतकं सोपं नाही हो. राष्ट्रीय महिला आयोगच बघा. १९९० चा कायदा, १९९२ मध्ये स्थापना. चौकशी करताना त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत: समन्स काढा, कागदपत्रं मागवा, शपथेवर साक्ष घ्या. आणि चौकशी संपली की हातात उरते नुसती शिफारस! ती नाकारली तर सरकारला संसदेपुढे कारण द्यावं लागतं, एवढाच काय तो धाक. (शिफारशींचा अहवालच संसदेपुढे यायचा रखडला तर तो धाकही गेला.) मग मंडळ सरकारपासून किती मोकळं आहे, यावरच सगळं येतं. म्हणून नव्या मंडळाच्या मसुद्यात मी आधी दोनच कलमं शोधेन: अध्यक्ष कोण नेमणार आणि पैसा कोण देणार. या आयोगापुरतं दोन्हींचं उत्तर एकच आहे, केंद्र सरकार.