पाहुण्यांच्या पार्किंगमधले तीन डाग

कुलकर्णी काकू (ए-१०२), सकाळी ७:०४
शुभ सकाळ. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये रात्रीपासून ती कापडी टपाची जीप कुणाची उभी आहे? रांगोळीला खाली गेले तर फरशीवर तेलाचे डाग. दिवाळीला फरशी घासून घेतली, त्याचे पैसे सगळ्यांनी दिलेत. सगळ्यांनी म्हणजे ज्यांनी दिले त्यांनी. डाग कोण पुसणार?

देशपांडे (ए-३०१)
मागच्या मीटिंगचा ठराव: पाहुण्यांच्या जागेवर रहिवाशांनी गाडी लावायची नाही. वहीत लिहिलेला आहे. मी बोललो की वाईट दिसतं, म्हणून एवढंच.

रोहन (सी-४०२)
काकू जीप नाही, थार आहे ती 😍 जुनी, सीआरडीई इंजिनवाली.

कुलकर्णी काकू
जी असेल ती. गळते आहे.

अमोल (बी-३०४)
सॉरी काकू, माझीच आहे. म्हणजे अजून माझी नाही. बघायला आणलीय, डीलरनं संध्याकाळपर्यंत ठेवू दिलीय. २०१२ ची, फोर बाय फोर म्हणजे चारी चाकांना जोर देता येणारी, एमएच-२५ पासिंग. डाग मी पुसतो.

कुलकर्णी काकू
पुसतो म्हणजे कधी?

तात्या (सी-२०१)
अमोल, तुला बोलेरो घी म्हनलं होतं. हे काय करायलास?

अमोल
तात्या, पाचोडच्या शेताला दोन किलोमीटर पाणंद आहे, सगळी काळी माती. पावसाळ्यात मोसंबीपर्यंत गाडी जातच नाही. मागच्या वर्षी दोनदा ट्रॅक्टर लावून ओढली, दोन्ही वेळा ट्रॅक्टरवाला हसला.

रोहन
आणि सोसायटीच्या गेटपुढचा खड्डाही पार होईल. सेक्रेटरी साहेब नोंद घ्या.

जाधव सर, सेक्रेटरी (बी-१०१)
तो खड्डा महापालिकेच्या हद्दीत आहे. तीनदा अर्ज दिलाय. विषयाला धरून बोलावे ही विनंती.

स्नेहा (बी-३०४)
डीलर किती म्हणाला?

अमोल
घरी बोलू.

तात्या
मला तर चार ऐंशी सांगितलेत की.

स्नेहा
अच्छा. मला साडेतीन.

रोहन
🙏

शेखभाई (डी-१०१)
सलाम सगळ्यांना. काकू, माफी मागून सांगतो, डाग आत्ता पुसू नका. डीलर लोक गाडी दाखवायच्या आधी इंजिन प्रेशरनं धुतात, ग्रीस-डिझेल मारून चकचकीत करतात. मग गळती कळायची कशी? गाडी रात्रभर एका जागी उभी राहिली हे अमोलचं नशीब. फोटो टाका, पुढचं चाक फोटोत येऊ द्या, म्हणजे डाग कशाखाली आहे ते कळेल.

कुलकर्णी काकू
(फोटो)
तीन आहेत. मोठा पुढे, एक बरोबर मधे, तिसरा कडेला. शेखभाई तुमचा मान ठेवते, पण पुसणार कोण ते ठरवा.

शेखभाई
पुढचा काळा, तो इंजिन ऑइलचा. टॅपेट कव्हरचं नाहीतर संपचं पॅकिंग असेल. चौदा वर्षांच्या गाडीत त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मधला बघा, ड्रायव्हरच्या सीटच्या रेषेत. तिथं ट्रान्सफर केस असते. फोर बाय फोरचं सगळं काम तीच करते. अमोल, त्या डागाला बोट लावून वास घे. गंधकासारखा उग्र आला तर गिअर ऑइल. तिसरा तांबूस दिसतोय, तो पॉवर स्टिअरिंगचा असावा. पण फार कडेला पडलाय. त्याचा हिशेब मला लागत नाही.

तात्या
शेखभाईंनी चिकलठान्याच्या एसटी वर्कशॉपात जिंदगी काढली. ऐक त्यांचं.

अमोल
वास घेतला. उग्रच आहे. बोटाचा जाईना.

स्नेहा
त्याच हातानं पोहे खाऊ नका.

खजिनदार (ए-२०४)
*सूचना:* मेंटेनन्स १० तारखेच्या आत. टँकरची वर्गणी वेगळी. ज्यांची बाकी आहे त्यांना माहीत आहे.

देशपांडे
टँकरचा हिशेब अजून मिळालेला नाही.

खजिनदार
नोटीस बोर्डवर लावलाय. चष्मा लावून बघावा.

जाधव सर
दोघांना विनंती, मीटिंगमध्ये बोलू.

शेखभाई
अमोल, फोर बाय फोर टाकून चालवली का?

अमोल
हो, काल बीड बायपासला. फोर एच (चारी चाकांना जोर) टाकून यू-टर्न घेतला तर अडखळल्यासारखी झाली, टायर खरडले. डीलर म्हणाला असंच असतं, ताकद आहे म्हणून.

शेखभाई
या अल्ला. ताकद नाही, ताण आहे तो. वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर जातात. या गाडीत फोर एच टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर, म्हणजे चाकांकडं जोर नेणारे दांडे, एकमेकांना बांधले जातात. त्यांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शियल मधे नाही. चिखलात, रेतीत चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही. मग सगळा पीळ गिअर आणि प्रोपेलरच्या सांध्यांवर येतो. लिव्हर टू एचला, नुसत्या मागच्या चाकांवर, परत येताना अडकला असेल.

अमोल
अडकला होता. रिव्हर्स टाकून थोडी मागं घेतली तेव्हा सुटला.

शेखभाई
तेच. आता बायपासजवळच्या सातारा गावच्या डोंगराकडं कच्च्या रस्त्यावर ने. आधी फोर एच. मग गाडी थांबवून फोर एल (चारी चाकं, पण संथ आणि जास्त ओढ), पहिला गिअर, चढावर क्लचवरनं पाय काढ. गाडी गोगलगायीसारखी चढायला पाहिजे. उतारावर तशीच सोड, ब्रेक न लावता. त्या वेळी लिव्हर आपोआप उडून न्यूट्रलला आला तर आतले गिअर झिजलेत. इकडून तिकडून पार्ट जमवून ते काम होत नाही, लेथवाल्यालाही जमत नाही.

रोहन
टायर मागचे नवे आणि पुढचे घासलेले आहेत. मी सकाळीच बघितलं.

शेखभाई
शाबास. फोर बाय फोरला चारी चाकांचा घेर सारखा लागतो. नाहीतर सरळ रस्त्यालाही तोच पीळ.

देशपांडे
हा सोसायटीचा ग्रुप आहे का गॅरेजचा?

तात्या
तुमच्या मांजराचे फोटो पंधरा दिस बघितले की आमी. कामून तरास करून घेऊ राह्यले?

देशपांडे
*हा मेसेज डिलीट करण्यात आला*

तात्या
अमोल, एक ध्यानात घे. एमएच-२५ म्हंजी धाराशिव. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं परांड्याकडं काय केलं ते माझ्या मेव्हन्याला इचार. घरं पान्यात होती तिथं गाड्यांचं काय.

शेखभाई
तात्या लाखाचं बोलले. हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. अमोल, सीटबेल्ट पूर्ण ओढ, अगदी शेवटपर्यंत. डीलर कारपेट बदलतो, सीट कव्हर बदलतो. बेल्टची गुंडाळी सोडून आत धूत कुणी बसत नाही. सीटच्या रुळांचे बोल्टही बघ.

अमोल, दुपारी १२:४०
डोंगराकडून आलो. लिव्हर उडाला नाही, चढली मस्त. पण बेल्ट ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ आहे. बोट फिरवलं, बारीक गाळ लागला. कारपेट कोरं करकरीत. सीटचे बोल्ट गंजलेले, आणि त्यावर काळा रंग मारलाय.

स्नेहा
झालं.

अमोल
स्नेहा, उघड्या गाडीत पावसाचं पाणी येतंच ना.

शेखभाई
पावसाचं पाणी येतं बेटा, पण गाळ घेऊन येत नाही. थांब, पाना घेऊन खाली येतो.

कुलकर्णी काकू
आलाच आहात तर डाग पुसणार कोण ते पण बघा.

रोहन, १:२५
लाइव्ह अपडेट: शेखभाईंनी मागच्या डिफरन्शियलचा प्लग खोलला. तेल बाहेर आलं ते दूध घातलेल्या चहासारखं. (फोटो)

तात्या
आमृततुल्य.

शेखभाई
तेलात पाणी आहे. गाडी पाण्यात बराच वेळ उभी होती आणि नंतर तेल कुणी बदललं नाही. बेअरिंग, सील बदलता येतील. मला भीती वायरिंगची आहे. ही सीआरडीई, कॉमन रेल, म्हणजे इंजेक्टर कॉम्प्युटरवर चालतात. कनेक्टरमधे ओल गेली की आज चालू, उद्या पाणंदीच्या मधोमध बंद. जुन्या डीआय इंजिनची थार असती, साध्या पंपाची, तर मी एवढं बोललो नसतो. स्टिअरिंगही बघितलं. पंप बाहेरून कोरडा, पाइप कोरडे, गळती नाही.

जाधव सर
पुढच्या वर्षी १५ वर्षं भरतील. रजिस्ट्रेशन रिन्यूअलची फी ५,००० रुपये, वर पर्यावरण कर, आणि आरटीओत गाडी नेऊन उभी करावी लागेल. तो पुढचा बुलबार काढायला लावतील. कर्जाचा बोजा बघितला का?

अमोल
एमपरिवाहन ॲपवर बघितलं सर. बोजा आहे अजून. डीलर म्हणतो बँकेची एनओसी घरात पडलीय, नंतर देतो.

जाधव सर
एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर ज्याच्या नावावर आरसी आहे त्याची सही लागते, डीलरची नाही.

अमोल
फोन केला त्याला. तेलाचा फोटो पाठवला. चारवर आला लगेच.

स्नेहा
ज्यानं एका फोटोवर ऐंशी हजार सोडले त्याला आधी किती मिळणार होते?

तात्या
वैनी बरुबर बोलायल्यात.

अमोल, सायंकाळी ५:५०
दिली परत. शेखभाई, पुढच्या रविवारी जालन्याला एक डीआय बघायचीय. याल का?

शेखभाई
येतो. सकाळी थंड इंजिन बघायचं म्हणून सात वाजता पोचायचं. आपण येईपर्यंत चालू करू नका म्हणून सांग. बोनेटला हात लावून गरम लागलं तर तिथूनच परत.

स्नेहा
मी पण येणार आहे.

अमोल
आणि काकू, तिन्ही डाग पुसलेत. आधी लाकडाचा भुसा, मग साबण आणि घासणी. फोटो टाकतो.

कुलकर्णी काकू
बघितले. छान निघालेत. थँक्यू अमोल.

देशपांडे
नियम सगळ्यांना सारखे असावेत एवढंच माझं म्हणणं होतं. व्यक्तिगत काही नाही.

कुलकर्णी काकू, रात्री ९:१५
आत्ता देवळातून आले. कडेचा तांबूस डाग परत पडलाय, त्याच जागी. ओला आहे. (फोटो)

अमोल
काकू, थार तर साडेपाचलाच गेली.

रोहन
फोटोत वरच्या कोपऱ्यात पांढरी गाडी कुणाची?

तात्या
रोज रात्री तिथंच असती की ती.

शेखभाई
तरीच म्हटलं हिशेब लागत नाही. देशपांडे साहेब, सकाळी पॉवर स्टिअरिंगचा पाइप दाखवा. पाचशेचं काम असेल, वाढवू नका.

कुलकर्णी काकू
ते सकाळी बघा. हा कोण पुसणार?