पाकिस्तानची राष्ट्रीय ओळख : भाषा, धर्म की कायदा?

साक्षेपी
धर्मामुळे पाकिस्तान उभा राहिला आणि भाषेमुळे १९७१ मध्ये फुटला, असे आपल्याकडे सरसकट सांगितले जाते. बंगाली, पंजाबी, सिंधी, पश्तू आणि बलुची बोलणाऱ्या मुसलमानांना ‘एक राष्ट्र’ ठरवण्यात कायद्याचा वाटा किती होता, याची चर्चा मात्र फारशी वाचनात येत नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

नदीकाठ
भाषेचा पेच १९७१ च्या फार आधीचा आहे. फेब्रुवारी १९४८ मध्ये पूर्व बंगालचे सदस्य धीरेंद्रनाथ दत्त यांनी पाकिस्तानच्या संविधान सभेत उर्दू आणि इंग्रजीबरोबर बंगालीलाही स्थान द्यावे, अशी दुरुस्ती मांडली. पाकिस्तान हे मुस्लिम राज्य असल्याने त्याची समाईक भाषा मुस्लिम राष्ट्राचीच, म्हणजे उर्दूच, असली पाहिजे, असे सांगून पंतप्रधान लियाकत अली खान यांनी तिला विरोध केला. पुढच्याच महिन्यात जीनांनी ढाक्यात तीच भूमिका जाहीर केली. १९५१ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोकांची मातृभाषा बंगाली होती आणि उर्दू मातृभाषा असणारे साधारण तीन टक्के होते. बंगाली मुसलमानाला आपल्या भाषेचा आग्रह आणि आपला धर्म यांत विरोध दिसत नव्हता. तो विरोध राज्यकर्त्यांनी त्याच्यावर लादला, असे माझे ठाम मत आहे. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगालीच्या मागणीसाठी निदर्शने करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. १९५६ च्या राज्यघटनेने दोन्ही भाषांना मान्यता दिली, पण तोवर मने दुरावली होती.

दस्तऐवज
मूळ प्रश्न कायद्याचा आहे आणि त्याचे उत्तर फाळणीच्या आधीपासून शोधावे लागते. त्यातला एक धागा थेट मुंबईत सापडतो. खोजा आणि मेमन या मुस्लिम व्यापारी जमातींच्या घराण्यांतील मुलींनी कुराणाप्रमाणे वडिलांच्या मालमत्तेत वाटा मागितला, तेव्हा १८४७ मध्ये मुंबईतील न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी जमातीची रूढीच प्रमाण मानली आणि मुलींचा दावा फेटाळला. म्हणजे न्यायालयापुढे माणूस आधी खोजा किंवा मेमन होता, मुसलमान नंतर. पंजाबातही शेतकरी मुसलमानांचा वारसा बहुतांशी रूढीने ठरत असे. रूढीऐवजी इस्लामी कायदा लावणाऱ्या १९३७ च्या शरियत कायद्याने ही उतरंड उलटवली आणि जमात, प्रदेश व भाषा बाजूला ठेवून ‘मुसलमान’ हा एकच कायदेशीर समूह पुढे आणला. शेतजमीन मात्र त्यातून वगळली होती, आणि खेड्यांत खरी मालमत्ता तीच होती. पश्चिम पंजाबने १९४८ मध्ये स्वतःचा कायदा करून शेतजमिनीचा वारसाही शरियतखाली आणला. राष्ट्र म्हणजे काय हे सभांतल्या भाषणांपेक्षा अशा कायद्यांनीच घराघरांत पोहोचवले, असे मला वाटते.

पुढचा टप्पा अधिक वेदनादायक आहे. मार्च १९४९ मध्ये संविधान सभेत भावी घटनेची तत्त्वे सांगणारा ‘उद्दिष्टांचा ठराव’ संमत झाला आणि सार्वभौमत्व अल्लाचे असल्याचे घोषित झाले. भूपेंद्रकुमार दत्त आणि श्रीशचंद्र चट्टोपाध्याय या हिंदू सदस्यांनी विरोध केला, तर परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी समर्थन केले. जफरुल्ला खान अहमदी होते, म्हणजे मिर्झा गुलाम अहमद यांना मानणाऱ्या आणि स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्या पंथाचे. चारच वर्षांनी अहमदींना गैरमुस्लिम ठरवावे आणि जफरुल्लांना पदावरून काढावे, या मागण्यांसाठी पंजाबात दंगली उसळल्या. त्यांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मुनीर आणि कयानी यांनी उलेमांना (धर्मपंडितांना) ‘मुसलमान’ या शब्दाची व्याख्या विचारली आणि १९५४ च्या अहवालात नोंदवले की, कोणत्याही दोघांचे उत्तर जुळले नाही. जी व्याख्या धर्मपंडितांना एकमताने करता आली नाही, तिचा निवाडा १९७४ मध्ये संसदेने दुसऱ्या घटनादुरुस्तीने केला आणि अहमदींना गैरमुस्लिम ठरवले. १९८४ च्या अध्यादेशाने त्यांनी स्वतःला मुसलमान म्हणवणे हाही गुन्हा झाला.

साक्षेपी
आभार. म्हणजे बंगाल गमावल्यावर, १९७४ मध्ये, ही व्याख्या घटनेत आली. भाषेने एकी साधता येत नाही हे कळल्यामुळे धर्माची कायदेशीर चौकट घट्ट केली गेली, असे म्हणता येईल का?

दस्तऐवज
अंशतः. १९५३ ची मागणी बंगालच्या फुटीआधीची आहे, त्यामुळे केवळ १९७१ कडे बोट दाखवणे पुरेसे नाही. परंतु १९७१ नंतर तिला विरोध करण्याची राजकीय ताकद निश्चितच उरली नव्हती.

नदीकाठ
एक भर घालतो. उरलेल्या पाकिस्तानातही भाषेचा प्रश्न मिटला नाही. जुलै १९७२ मध्ये सिंध विधानसभेने सिंधीसाठी विधेयक संमत केल्यावर कराचीत उर्दू भाषकांच्या दंगली झाल्या. तेथे सरकारने तडजोड केली. १९७३ च्या घटनेने उर्दूला राष्ट्रभाषा म्हटले आणि सरकारी कामकाजात तिची व्यवस्था पंधरा वर्षांत करायची ठरवली, तरी वरिष्ठ न्यायालये इंग्रजीतच चालत राहिली. भाषेच्या कलमांत अशी सवलत सतत मिळत गेली. मुसलमान कोण, या कलमात ती मिळाली नाही. २००२ मध्ये धर्मानुसार वेगळे मतदान ठेवणारे स्वतंत्र मतदारसंघ रद्द होऊन सर्वांची एक मतदारयादी झाली, तेव्हाही अहमदींची नावे वेगळ्या यादीतच ठेवण्यात आली.