सोलापूरच्या पूर्व भागातली माणसं अवयवदानाला ‘नको’ म्हणतात, ते अडाणीपणामुळे का?

कुचननगरची बाई

आमच्या गल्लीतला एक यंत्रमाग कामगार हैदराबाद रोडला गाडीवरून पडला. डोक्याला मार. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं आणि अवयवदानाचं विचारलं. घरच्यांनी नको म्हटलं. त्यानंतर शहरातल्या चार शिकलेल्या माणसांकडून मी एकच ऐकतेय: ‘ही तेलुगू माणसं बाहेरून आलेली, विडी आणि माग सोडून त्यांना काय कळतं, सगळी अंधश्रद्धा.’ हे मला सहन होत नाही, म्हणून धागा काढते.

मी त्या दवाखान्यात होते. त्याच्या आईला मराठी बाजारापुरतं येतं. डॉक्टरांचं म्हणणं तिच्या कानावर घालायचं काम दहावीतल्या नातवावर आलं. तो पोरगा परत परत आजीजवळ जायचा आणि ‘तब्येत बरी नाही’ एवढंच सांगून भिंतीला टेकून उभा राहायचा. बापाचा मेंदू मेला हे पोरानं आजीला कोणत्या तोंडानं सांगायचं? छाती वरखाली होतेय, हात गरम आहे, मॉनिटरवर रेषा पळतेय. सकाळपासून पैसे भरायला काउंटरवरून दोनदा बोलावणं आलेलं. आणि आता एक अनोळखी माणूस फॉर्म ८, म्हणजे घरच्यांच्या संमतीचा कागद, घेऊन समोर बसलेला. तिथे कुणीही नकोच म्हटलं असतं, मग तो पूर्व भागातला असो की जुळे सोलापुरातला.

आमचे पणजे तेलंगणातून मागावर काम करायला इथे आले. त्याच तेलंगणात २०१३ पासून ‘जीवनदान’ योजना चालते आणि लोकसंख्येच्या मानानं मरणोत्तर अवयवदानात ते राज्य आज देशात अगदी वरच्या रांगेत आहे. देव तेच, भाषा तीच, मार्कंडेय ऋषी तेच. तिकडची आमची भाऊबंद हो म्हणतात आणि इकडे आम्ही नको म्हणतो, तर दोष आमच्या श्रद्धेत कसा? फरक विचारण्यात आहे. सोलापूरच्या आयसीयूत तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारा समन्वयक हवा, आणि हा विषय अपघाताच्या आधी घराघरात निघायला हवा.

यंत्रमागवाला_दत्तनगर

बाई, तुमचं मन चांगलं आहे, पण भाषेवर ढकलून मोकळं होऊ नका. आम्हाला मराठी चांगलं कळतं आणि हिशोबही कळतो. द्यायची वेळ आली की आमच्या दारात येतात. घ्यायच्या रांगेत आमचा माणूस किती वेळा दिसतो?

माझ्याच वाड्यात दोन जण डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून दोन-तीन खेपा, एका खेपेत अर्धा दिवस जातो, त्या दिवशीची मजुरी बुडते. दोघांतला एकही प्रतीक्षायादीत नाही. यादीत नाव लावायचं म्हणजे प्रत्यारोपण करणाऱ्या दवाखान्यात नोंद, तपासण्यांवर तपासण्या, पुण्याच्या चकरा, आणि फोन आला की अपरात्री निघायची तयारी. महात्मा फुले योजनेत किडनीचं ऑपरेशन बसतं, मान्य. पण नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या खाव्या लागतात. त्या दर महिन्याला विडी वळणाऱ्या बाईनं कशातून आणायच्या?

आधी आम्हाला रांगेत उभं राहू द्या. मग दान मागा.

आयसीयू_सिस्टर

रोज हेच बघते, म्हणून लिहिते. दोघांचंही पटतं, पण ‘मेंदू मृत’ म्हणजे काय हे इथे कुणीच सांगत नाही आणि घोळ तिथेच सुरू होतो.

कोमातला माणूस परत येऊ शकतो. मेंदूचं खोड, म्हणजे श्वास चालवणारा मेंदूचा तळाचा भाग, मेलेला माणूस येत नाही. हे एक डॉक्टर ठरवत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ असतं, प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला त्यात कुणी नसतो. तपासणी दोनदा होते, मध्ये किमान ६ तास जावे लागतात. बुबुळाला कापसाचं टोक लावतात, पापणी हलत नाही. कानात बर्फाचं पाणी सोडतात, डोळे फिरत नाहीत. शेवटी व्हेंटिलेटर काढतात, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवतात आणि छातीकडे बघत थांबतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. मेंदूचं खोड जिवंत असेल तर तो वाढल्यावर श्वास घ्यावाच लागतो. इथे छाती हलतच नाही.

मला फार वाटतं, ही शेवटची तपासणी घरातल्या एकाला तरी उभं करून दाखवावी. छाती हलत नाही हे स्वतः बघितलं की दहावीतल्या पोराला मध्ये घालायची वेळ येत नाही.

शिवयोग

मी नको म्हणणाऱ्यांपैकी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. आमच्यात देह मातीत ठेवतात. वडिलांना आम्ही बसवून, गळ्यात लिंग ठेवून, विभूती लावून निरोप दिला. त्या देहाला चिरा पडलेल्या मला चालल्या नसत्या. विज्ञान कळत नाही म्हणून नव्हे, मी स्वतः फार्मसी शिकलोय. माणूस गेल्यावर त्याचं काय करायचं हा हक्क घरच्यांचा आहे. नकार दिला की लगेच मागास ठरवू नका.

आणि एक जास्त गंभीर गोष्ट. संमती दिल्यावर पुढचं बिल घरच्यांवर येत नाही, असं सांगतात. नकार दिला तर व्हेंटिलेटरचं मीटर चालूच. दागिने गहाण टाकून बसलेल्या बाईसमोर हे ठेवायचं, याला दान म्हणायचं का?

आयसीयू_सिस्टर

@शिवयोग बिलाचा नियम खरा आहे. दात्याची पुढची देखभाल, अवयव काढणं, नेणं हा खर्च दात्याच्या घरच्यांकडून घ्यायचा नाही, असं २०१४ चे नियम सांगतात. हेतू चांगला आहे. नकारानंतर काय करायचं, तिथे मात्र सगळी कोंडी होते, कारण कायद्यात मेंदूमृत्यू येतो तो अवयवदानाच्या संदर्भात. घरचे नको म्हणाले की बरेच डॉक्टर यंत्र काढायला कचरतात आणि बिल वाढत राहतं. ते बदलायलाच हवं. तोवर निदान पैशाचा विषय संमतीच्या बोलण्यात कुणी काढू नये.

देहाबद्दल तुमचा मान ठेवून एकच सांगते. अपघाताची केस असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन तसंही होतं. अवयव काढल्यावर सर्जन टाके घालून देह नीट करून देतात. बसवायला अडचण येत नाही.

लेस्टरचा_सोलापूरकर

इथे इंग्लंडमध्ये आम्ही ‘बाहेरून आलेले’. २० मे २०२० पासून इथला कायदा असा की तुम्ही हयातीत नको म्हटलेलं नसेल तर संमती धरली जाते, तरी घरच्यांना विचारतातच. आणि आशियाई घरांतून नकार गोऱ्यांपेक्षा बराच जास्त येतो. परिणाम आमच्याच माणसांवर होतो. रक्तगट आणि ऊतींचा मेळ आपल्यासारख्या वंशाच्या दात्याशी जुळायची शक्यता जास्त असते, दाते कमी म्हणून आपली माणसं किडनीसाठी जास्त थांबतात. इथे देवळात, मशिदीत, गुरुद्वाऱ्यात त्या-त्या समाजाची माणसं जाऊन बोलतात. सरकारी पत्रकापेक्षा त्याला लोक जास्त ऐकतात. सोलापुरातही मार्कंडेय मंदिरात, शाह जहूर दर्ग्यापाशी, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत हे बोलणं व्हावं.

यंत्रमागवाला_दत्तनगर

@लेस्टरचा_सोलापूरकर तिथे दवाखाना फुकट आहे हो. तेवढं एक लिहायचं राहिलं तुमचं.

विडीघरकुलची_लेक

सगळे मेलेल्या माणसाबद्दल बोलताय. जिवंतपणी देणारं कोण, ते बघा. २०१९ ते २०२३ या काळात देशात जिवंत दात्यांमध्ये जवळपास दोन तृतीयांश बायका होत्या, आणि घेणाऱ्यांमध्ये बहुसंख्य पुरुष. माझ्या मावशीनं काकांना किडनी दिली. तिला विचारलं कुणी? परवानगी देणाऱ्या समितीपुढे ‘स्वखुशीनं’ म्हणाली, दुसरं काय म्हणणार! टाके सुकले न सुकले तोच सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसली. मेलेल्यांकडून अवयव मिळाले असते तर तिच्यावर ही वेळ आली नसती. ‘नको’ म्हणायचा हक्क सांगणाऱ्या भावांनी त्या ‘नको’ची किंमत घरातली कुठली बाई भरते, तेही सांगावं.

शिवयोग

@विडीघरकुलची_लेक याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझं मत तेच आहे, पण तुमचा मुद्दा खरा आहे.

कुचननगरची बाई

@यंत्रमागवाला_दत्तनगर तुमचा राग मला पटतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. आम्हाला मिळत नाही म्हणून देणार नाही, असं आपण धरलं तर अवयव कमीच राहतील, आणि कमी अवयवांत पैसेवाला पुढे आणि आपला माणूस मागे, हेच होणार. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्रानं नोंदणीसाठी रहिवासी दाखल्याची अट काढा असं राज्यांना सांगितलं. म्हणजे हैदराबादला भाऊबंद असलेल्या आपल्या माणसाला तिकडे नोंद करायची वाट दिसते. पूर्व भागात हे किती जणांना ठाऊक आहे? तुमच्या वाड्यातल्या दोघांना आहे का?

यंत्रमागवाला_दत्तनगर

नाही, ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

३ ऑगस्टला अवयवदान दिन असतो, त्या दिवशी आमच्या मंडळाचा हॉल देतो. भाडं नको. तुम्ही या, सिस्टरना आणा, योजनेची कागदपत्रं समजणारा कुणीतरी आणा. त्या दोघांचं नाव यादीत कसं लावायचं, गोळ्यांना मदत कुठून मिळते, हे तेलुगूत आणि मराठीत सांगा. दानाचे फॉर्म मात्र त्या दिवशी आणायचे नाहीत. आणलेत तर मी हॉलला कुलूप लावीन.

कुचननगरची बाई

नाही आणणार. वेळ संध्याकाळी ७ नंतरची ठेवा, कारखाने सुटल्यावर. आणि विडीघरकुलच्या लेकीला बोलायला वेळ द्यायचा, ही माझी अट.