हेलियमचा शोध विजयदुर्गला लागला की गुंटूरला?

तलाठी_होणारच: एका गाइडमध्ये छापलंय, ‘हेलियम – १८ ऑगस्ट १८६८, विजयदुर्ग, लॉकियर’. दुसऱ्यात ‘जान्सेन, गुंटूर’. क्लासचे सर म्हणतात दोन्ही पाठ कर. पेपरात दोन्ही पर्याय आले तर कोणता गोल काळा करू?

देवगडचे_मास्तर: गुंटूर. त्या दिवशी इंग्रज लॉकियर इंग्लंडात होता. युद्ध खात्यात कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात सूर्य बघायचा, असा गडी. त्याने मागवलेला वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणारं यंत्र, हाती पडेपर्यंत ऑक्टोबर उजाडला.

खग्रास ग्रहण बघायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता; इतर निरीक्षकांपैकी पॉगसन मच्छलीपट्टणला, जॉन हर्शेल जमखंडीला. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा जान्सेनला इतक्या ठसठशीत दिसल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना, त्याने त्या पुन्हा शोधून काढल्या. लॉकियरने तेच २० ऑक्टोबरला इंग्लंडात बसून केलं. माझ्या लेखी मोठी गोष्ट ही, ग्रहणाची वाट बघायची गरजच संपली!

आता त्या रेषांमधली पिवळी रेषा, तीच हेलियमची. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी येतात. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. फरक एवढासाच, पण पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी ती जुळेना. हे नवंच काहीतरी आहे, असं म्हणायचं धाडस लॉकियरचं. त्यामुळे एक दिवस, एक जागा, एक माणूस असा प्रश्न काढणाऱ्यालाच मी आधी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

वाघोटणकाठचो: म्हणजे आमचो हेलियम गेलो म्हणायचो, मास्तरांनू! मग किल्ल्यार ते साहेबाचे ओटे दाखवतत ते कोणाचे?

देवगडचे_मास्तर: खंय गेलो नाय रे! लॉकियर विजयदुर्गला आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ‘मेल्पोमेनी’ या लढाऊ जहाजावरचे खलाशी हाताखाली घेऊन त्याने तिथे निरीक्षणं केली. त्याच ग्रहणाला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ नायगमवाला जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते, त्यांचं नाव मात्र एकाही गाइडमध्ये सापडायचं नाही. मला वाटतं, आपल्याकडे तारीख १८६८ ची घेतली आणि माणूस १८९८ चा. दर १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन करतात, त्याला माझी ना नाही. पोरं वर्णपट बघतात, हे काय कमी?

तलाठी_होणारच: आभार, सर. मग रॅमसे कुठे येतो?

देवगडचे_मास्तर: रॅमसे रसायनशास्त्रज्ञ. १८९५, लंडन. क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल घालून तो आरगॉन शोधत होता. निघालेल्या वायूच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा दिसली. खात्रीसाठी त्याने नमुना वर्णपटाचा जाणकार क्रुक्स याच्याकडे पाठवला, त्यानेही तेच सांगितलं. ‘पृथ्वीवर प्रथम वेगळा कोणी केला’ असं विचारलं तर रॅमसे. प्रश्नातला ‘पृथ्वीवर’ वाचल्याशिवाय गोल काळा करू नकोस.