सागरी वारशात सोलापूरचाही वाटा आहे

कुणीतरी विचारलंय की, सागरी वारशाचे कार्यक्रम मालवण, अलिबागला शोभतात, दुष्काळी सोलापूरकरांचा त्यात काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे.

उद्योगपती शेठ वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. त्यांचा जन्म १८८२ साली इथलाच. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडची 'लॉयल्टी' ही आगबोट घेतली. युद्धात ती रुग्णालय म्हणून वापरली होती. याच बोटीपासून त्यांची सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. त्या काळी या मार्गावर ब्रिटिश कंपन्यांची पकड होती, हे लक्षात घेतलं की त्या धाडसाची किंमत कळते. ही तारीख १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते. पुढे विशाखापट्टणमची गोदीही याच कंपनीने उभारली. तिथे बांधलेलं 'जलउषा' जहाज १९४८ साली पाण्यात उतरलं.

मालवणात नारळी पौर्णिमा व्हायलाच हवी, ती तिथल्या माणसांची आहे. सोलापुरात मात्र ५ एप्रिलला कार्यक्रम व्हावा असं मला मनापासून वाटतं. शाळांनी जहाजांच्या प्रतिकृती कराव्यात. इथली जी मुलं मर्चंट नेव्हीत गेली आहेत, त्यांना बोलवावं. हॉल, मंडप, पाहुणे यांचा खर्च फारसा नाही. पुढच्या वर्षीसाठी कुणी पुढाकार घेणार असेल तर मी सोबत आहे, संध्याकाळी वेळ देऊ शकतो.