नवरा-बायकोच्या प्रेमावर मराठीत म्हण का सापडत नाही?

प्रश्न : पानसुपारी
माणसाच्या स्वभावातील खोडी अचूक पकडणाऱ्या म्हणी मराठीत उदंड आहेत. नाचता येत नसले की अंगण वाकडे ठरते, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा होतो, आणि लग्नाची घाई झालेला नवरा कपाळावरचे बाशिंग गुडघ्याला बांधून मोकळा होतो. दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश मी गेले काही महिने रोज थोडा थोडा वाचत आहे. त्यात संसारातील भांडणे पानोपानी भेटतात. मात्र नवरा-बायकोच्या जिव्हाळ्यावरची चटकन ओठांवर येईल अशी एकही म्हण मला अजून आढळलेली नाही. याचे कारण काय असावे?

उत्तर : उंबरठा
म्हण ही बहुधा कुणाचे तरी कान टोचण्यासाठी, तेही पुष्कळदा तिसऱ्याच्या आडून, वापरली जाते. 'लेकी बोले सुने लागे' हे त्याच रीतीचे वर्णन आहे. जिव्हाळ्याला असे हत्यार लागत नाही. त्याची जागा मला उखाण्यात दिसते. माझ्या आजीने आजोबांना जन्मभर 'अहो' म्हणूनच हाक मारली. मावशीच्या डोहाळजेवणात बायकांनी आग्रह केला, तेव्हा तिने यमक जुळवत पहिली ओळ भरभर म्हटली, पण नावाशी येताच ती थबकली, पदर सावरला आणि मग ते नाव इतक्या सावकाश उच्चारले की सगळ्या जणी गप्प झाल्या.

उत्तर : गोदाकाठ
माझ्या मते आपण फार अलीकडे शोधत आहात. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत सुमारे सातशे गाथा आहेत आणि त्यांतील बहुतेक प्रेमाच्याच आहेत. त्यांतल्या एका गाथेत वाटसरू पाणपोईवर पाणी पितो आहे. नजर वर, तिच्याकडे. ओंजळीची बोटे मात्र तो मुद्दाम सैल ठेवतो, म्हणजे पाणी गळत राहावे आणि पिणे लांबावे. पाणी घालणारी ते ओळखते आणि आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. दोघेही एक शब्द बोलत नाहीत. माणसाच्या लबाडीकडे इतक्या मायेने पाहणारे लिखाण मी फार थोडे वाचले आहे.

पानसुपारी
आपणा दोघांचे मनापासून आभार. ही गाथा वाचताना मला घरचे जेवण आठवले. माझ्या वडिलांना भाकरीचा खरपूस पापुद्रा अतिशय आवडतो. तरीही 'मला चावत नाही' असे सांगून ते तो रोज आईच्या ताटात ठेवतात. त्यांचे सगळे दात शाबूत आहेत. आईला हे ठाऊक आहे, आणि ती तो पापुद्रा मुकाट्याने खाते.